क्रुसाखालची माती

ओल्गा रॉड्रिग्जला कुठेही गेलं की आधी खाली बघायची सवय होती. लोक दुसऱ्याच्या घरात पडदे बघतात, शोकेस बघतात. ओल्गा दारातली कुंडी बघायची. पाणी वरच तरंगतंय का, माती कडेने सुटलीय का, हे बघून झाल्यावर मग ती घरच्या माणसांकडे वळायची. तिची उमेदीची सगळी वर्षं परळच्या एका माती तपासणाऱ्या लॅबमध्ये गेली होती आणि अजूनही ती तिथेच कामाला होती. टॉवर उभे राहण्याआधी जमिनीत भोकं पाडून मातीचे जे नमुने काढतात, ते तिच्या टेबलावर यायचे. ती ते वाळवायची, चाळायची, तोलायची. ही जमीन इमारत पेलेल का, एवढंच तिथे विचारत. त्या जमिनीवर टाकलेलं काही झिरपून कुठे जाईल, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

म्हणूनच, तिचा दीर स्टीव्ह सगळ्या पाखाडीसमोर छाती काढून म्हणाला, "खळ्यावर खत टाकायचं की नाय, ते आपली वहिनी सांगेल. मातीची डॉक्टर हाय ती," तेव्हा तिला नाही म्हणायचं होतं. पण ती हसली. चारचौघांत हसायचं आणि घरी येऊन काळजी करत बसायचं, हा तिचा जुना रिवाज. नवरा होता तेव्हाही घरात काळजी करणारी तीच एक होती. मुलगी जोॲना बापावर गेलेली, बिनधास्त.

माहीमच्या आंबेपाखाडीत, या छोट्या वस्तीत, आता आंबा नव्हता. थोडीशी कौलारू घरं, मध्ये एक मोकळी जागा. पूर्वी इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची भातशेती होती तेव्हा त्या जागेवर मळणी व्हायची, म्हणून तिचं नाव अजून खळंच. खळ्याच्या एका टोकाला पाखाडीत शिरायचं फाटक, दुसऱ्या टोकाला क्रूस, आणि क्रुसाच्या पलीकडे चार पावलांवर बावडी, म्हणजे विहीर. प्यायला घरोघर नळ होते. बावडीचं पाणी झाडांना, कपड्यांना. मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी त्या बावडीशिवाय पाखाडीत दुसरं पाणी चालत नसे. त्या दिवशी 'उंबराचं पाणी' असतं. बायका लुगडी नेसून, वाजतगाजत बावडीवर जातात, पाणी काढतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. ओल्गा या पाण्याने न्हाली होती, तिची सासू न्हाली होती. आणि जानेवारीत जोॲना न्हाणार होती.

खताचं प्रकरण त्या लग्नामुळेच पुढे गेलं. पाखाडीच्या भिंतीपलीकडे नवा टॉवर उभा होता. तिथल्या ओल्या कचऱ्यासाठी सोसायटीने मशीन बसवलं होतं. आज टाकलेलं शिळंपाकं, सालं, माशांचे काटे, उद्या तपकिरी भुकटी होऊन बाहेर. पण भुकटीचं करायचं काय? बाल्कनीतल्या कुंड्या त्या किती! पोती साठत चालली, वास सुटला. तेव्हा सोसायटीच्या कमिटीतला वरद नावाचा तरुण पाखाडीत आला आणि म्हणाला, की आमची माणसं तुमच्या मैदानावर हे खत पसरतील, वर गवत लावून देतील, सगळं फुकट. स्टीव्हच्या डोळ्यांपुढे लगेच हिरवंगार खळं, त्यावर पांढऱ्या खुर्च्या आणि पुतणीचं रिसेप्शन उभं राहिलं. जोॲनाने तर वसईला होणाऱ्या सासरी कळवूनही टाकलं, की लॉनवर फोटो काढायचेत.

ठरल्याप्रमाणे रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर तपासणी झाली. स्टीव्हने कुदळ घेतली, फाटकाजवळ खड्डा मारला. आत विटांचे तुकडे, मुरूम, त्याखाली चिकट काळी माती. कधीतरी घातलेला भराव. ओल्गाने खड्ड्यात पाणी ओतलं, ते जिरू दिलं, पुन्हा ओतलं. दुसऱ्यांदा पाणी बराच वेळ तसंच राहिलं आणि मग अगदी सावकाश उतरलं. झिरप कमी, म्हणजे वर टाकलेलं लगेच खाली पळणार नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. जोॲना दोन्ही हात जोडून नाटकीपणाने उभी होती.

"टाका," ओल्गा म्हणाली, आणि टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका बिल्डरचा माणूस आला. घाईत होता. "मॅडम, प्लॉट छोटा आहे. एकाच भोकात भागवा ना."

"एक भोक म्हणजे त्या भोकापुरतं खरं," ओल्गा मान वर न करता म्हणाली. हे उत्तर तिने आजवर कितीतरी जणांना दिलं होतं. पण या वेळी ते तोंडातून गेलं आणि तिचा हात चाळणीवरच थांबला.

खळ्यावर तिने काय केलं होतं? एकच खड्डा, तोही फाटकाजवळ, बावडीपासून सगळ्यात लांब. आणि तिथेच का? तर स्टीव्ह कुदळ घेऊन आपोआप तिकडे वळला आणि ती आपोआप त्याच्या मागे गेली. क्रुसाच्या बाजूला कुदळ लावायची नाही, हे पाखाडीत कुणी कुणाला शिकवत नसे. बोलायला येतं तसंच हेही येतं. प्लेगच्या साथीत तो क्रूस उभारला, तेव्हापासून त्याच्या आसपास कुणी जमीन उकरली नव्हती. एखादं फुलझाड लावायलासुद्धा नाही. त्यामुळे खत जिथून बावडीत उतरू शकेल, नेमकी तीच जमीन तिने पाहिली नव्हती.

संध्याकाळी घरी येताना ती टॉवरमध्ये गेली. वरदने मोठ्या हौसेने पोतं उघडून दाखवलं. तिने हात आत खुपसला आणि झटकन बाहेर काढला. आतून गरम होतं. हाताला आंबूस वास.

"हे अजून कच्चं आहे," ती म्हणाली. "आत सडणं चालूय त्याचं."

"आँटी, मशीनवर लिहिलंय, चोवीस तासांत खत."

"मशीनला काय जातंय लिहायला! हे महिना-दोन महिने ढीग घालून ठेवावं लागेल. मग ते थंड होईल."

"ठेवणार कुठे? आधीच लोक माझ्या नावाने बोंब मारतायत." वरदने कपाळ पुसलं. "ट्रक गुरुवारी लागणार आहे. तुम्हीच तर हो म्हणालात."

तुम्हीच तर हो म्हणालात! हे वाक्य तिच्या मागोमाग पाखाडीत आलं. खळ्यावर कुणीतरी कपडे धुतल्याचं पाणी टाकलं होतं. ओल्गा थांबून बघत राहिली. पाण्याचा ओघळ फाटकाकडे आला नाही. तो वाकडातिकडा होत क्रुसाकडे गेला आणि चौथऱ्याच्या अलीकडे नाहीसा झाला.

क्रुसाची देखभाल ॲलॉयशियस अंकल करत. पाखाडीतले सगळ्यात म्हातारे. रोज सकाळी ते बावडीतून कळशी काढत, क्रुसाला फुलं वाहत आणि तेच पाणी पेलाभर पीत. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं. ओल्गा गेली तेव्हा ते दारात बसून बांगड्याचे काटे मांजरीला घालत होते.

"अंकल, मला क्रुसाजवळची माती बघायचीय."

"बघ की. डोळे हायेत ना तुला?"

"खालची बघायचीय. थोडं खणून."

अंकलचा हात थांबला. मांजर ओरडली. "डोकं फिरलं का गो तुझं? माझ्या आज्याने तिथे खुंटी नाय मारू दिली कुणाला. तुझ्या सासऱ्याला मांडव घालायचा होता, त्याला पण नाय म्हणला."

"अंकल, वर जे टाकणार ते बावडीत उतरलं तर? तुम्ही पिता ते पाणी. जोॲनाच्या डोक्यावर ओतायचंय ते."

"मग नको टाकू."

"असं कसं सांगू? रविवारी सगळ्यांदेखत हो म्हटलंय. आता नाही म्हणायचं तर का ते सांगायला नको? स्टीव्ह मला खाऊन टाकेल."

म्हाताऱ्याने बराच वेळ काटे निवडले. मग विचारलं, "कुदळ लावशील?"

"नाही. आमच्या लॅबमधलं गिरमिट आणते. हाताने फिरवायचं. मनगटाएवढं भोक पडेल फक्त."

"मोठं नाय पाडायचं. आणि मी रोझरी म्हणणार. माझी रोझरी सरली की तुझं काम पण सरलं पाहिजे."

मंगळवारी ओल्गाने अर्धी रजा टाकली. क्रुसाच्या चौथऱ्यापासून हातभर अंतर सोडून तिने गिरमिट टेकवलं. अंकल खुर्ची घेऊन समोर बसले, मणी हातात. 'नमो मरिये' सुरू झालं तशी ती फिरवू लागली. प्लेगची आठवण तिच्याही मनात होती. खालून एखादं हाड वर येईल या धास्तीने ती प्रत्येक फेऱ्याला माती बोटांनी चाचपत होती. वीतभर काळी माती आली. मग गिरमिट एकदम हलकं झालं, जणू खाली काही नव्हतंच. तिने ते वर ओढलं.

पांढरी वाळू. ओली, भरड, शिंपल्यांच्या चुऱ्याची. कधीकाळी इथवर समुद्र होता, त्याची.

अंकल मणी धरून वाकले. "हे तर चौपाटीवरचं!"

तिने भोकात तांब्याभर पाणी ओतलं. ते थांबलंच नाही. आणखी एक तांब्या, मग बादली. कुणीतरी खालून ओढून घेतल्यासारखं पाणी जात राहिलं. अंकलच्या रोझरीचे मणी अजून बरेच शिल्लक होते, पण ओल्गाचं काम सरलं होतं.

स्टीव्ह कामावरून आला तो वैतागतच. "वाळू तर वाळू. पाणी मुरतंय, चांगलंच की! चिखल नाय होणार रिसेप्शनला."

"मुरून कुठे जातंय ते बघ ना. बावडी चार पावलांवर आहे."

"तुला कसं कळलं बावडीतच जातंय? समुद्राकडे जात असेल. वहिनी, रविवारी हो, मंगळवारी नाय. लोक काय म्हणतील? मी कॅटररला टेबलं किती ते पण सांगितलं."

जोॲना मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, "मम्मी, तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच. माझ्या बारावीच्या पेपराला पण तुला वाटलं होतं की मी हॉल तिकीट विसरले. मी नव्हते विसरले."

दोघांचंही बोलणं खोटं नव्हतं. पाणी मुरतं हे ओल्गाने पाहिलं होतं. ते बावडीत जातं हे पाहिलं नव्हतं. लॅबच्या साहेबांपुढे ती अशी अर्धी गोष्ट घेऊन कधी उभी राहिली नसती.

ती उठली, चपला घातल्या आणि नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. टाकी कुठे गळते ते शोधायला प्लंबर पाण्यात रंग टाकतात, त्याची पुडी तिने मागितली. अंगाला, पोटाला अपाय नाही ना, हे तिने इतक्यांदा विचारलं की दुकानदार कंटाळून म्हणाला, "अहो बाई, पिण्याच्या टाकीत टाकतात हा. चिमूटभर टाका फक्त."

चिमूट म्हणजे कितीशी? क्रुसाजवळ वाकून तिने चिमूटभर भुकटी भोकात सोडली. वाळूत अडकून राहिली तर? रंग दिसलाच नाही तर स्टीव्ह म्हणेल, बघ, काही होत नाही. गुरुवारी ट्रक येईल आणि मग तिला आयुष्यभर त्या बावडीकडे बघवणार नाही. तिने आणखी एक चिमूट टाकली. मग आणखी एक. शेवटी पुडी उलटी करून झटकली आणि वरून बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं.

बुधवारी सकाळी ती बावडीवर वाकली. पाणी रोजच्यासारखंच काळसर, त्यात तिचं डोकं आणि आभाळाचा तुकडा. तिला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी ती खट्टूही झाली. आपली काळजी फुकट होती, असं मनाशी म्हणत ती परळला गेली. पण दिवसभर वजनं चुकत राहिली. एकच नमुना तिने तीनदा तोलला.

दुपारी फोन वाजला. जोॲना. मागे गलका.

"मम्मी, घरी ये. आत्ताच्या आत्ता. बावडी हिरवी झालीय."

"हिरवी म्हणजे? थोडीशी?"

"थोडीशी? मम्मी, रेडियमसारखी!"

ओल्गा पाखाडीत शिरली तेव्हा सगळी घरं बावडीभोवती गोळा झाली होती. पाणी खरोखरच चमकत होतं. सरबताला नसतो असा हिरवा रंग. कुणी म्हणत होतं केमिकल सोडलं, कुणी म्हणत होतं पोलिसांना बोलवा. ॲलॉयशियस अंकल काठावर बसले होते, हिरव्या पाण्याची कळशी मांडीशी घट्ट धरून.

"पिलात का? अंकल, पिलात तुम्ही?" ओल्गाने कळशीला हात घातला.

"आंधळा नाय मी," अंकल म्हणाले. "सकाळी प्यालो ते पांढरं होतं. हे फुलांसाठी काढलं."

"मी टाकलाय तो रंग. प्लंबरचा. क्रुसाजवळच्या भोकात, काल."

मग सगळे एकदम बोलू लागले. एका म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. "पोरीचं लग्न तोंडावर, आणि आईच बावडी नासवते! बघितलंय का गो कुणी?" कुणीतरी विचारलं, आता नवरीला काय हिरवी काढणार का? त्यावर हशाही पिकला. जे होऊ नये म्हणून ओल्गा झुरत होती, ते तिने स्वतःच्या हाताने करून ठेवलं होतं.

स्टीव्ह मात्र हसला नाही. तो क्रुसाजवळच्या भोकापाशी गेला, तिथून बावडीकडे पाहिलं, पुन्हा भोकाकडे.

"काल टाकलास? आणि आज इथे?"

"हो."

"आयला!" तो पुटपुटला आणि डोक्यावरची टोपी काढून खाजवत राहिला. "म्हणजे तो कचरा पण..."

"तो पण. आणि तो रंगासारखा दिसणारही नाही."

गुरुवारी फाटकाशी ट्रक लागला तेव्हा आडवा उभा राहिला तो स्टीव्हच. वरदने आँटींच्या होकाराची आठवण करून दिली. स्टीव्हने त्याला दंडाला धरून बावडीवर नेलं आणि वाकायला लावलं. वरद वाकला, बघितलं आणि मागे सरकला. "मग मी याचं करू काय?" त्याने अखेर ओल्गालाच विचारलं, अगदी रडकुंडीला येऊन. तिला त्याची दया आली. टॉवरच्या मागे सिमेंटची मोकळी जागा आहे, तिथे ढीग घाला, झाकून ठेवा, वरखाली करत राहा, असं ती म्हणाली. थंड झाल्यावर फाटकाच्या बाजूला, पातळ थर, आणि तोही पावसाळा सोडून. "क्रुसाच्या बाजूला कधीच नाही," ती म्हणाली. वरदने मान डोलावली. तो तसं करेल की नाही, याची एक नवीन काळजी तिच्या वाट्याला आली.

पण आधीची संपली नव्हती. बावडी हिरवी होती आणि लग्न जवळ येत होतं. स्टीव्हने कोळीवाड्यातून होडीवरचा पंप आणला. पाणी उपसून गटारात सोडलं, तर गटारही हिरवं वाहिलं आणि नाक्यापर्यंत लोक बघायला आले. बावडी तळाला गेली, पुन्हा भरली. थोडी फिकी. पुन्हा उपसली, पुन्हा भरली. वाळूत अडकलेला रंग हळूहळू उतरत होता. रोज कामावर जाण्याआधी ओल्गा काचेचा पेला भरून उजेडात धरायची. जोॲना तिच्या मागे येऊन उभी राहायची. पहिल्यांदा रागाने, नंतर नुसतीच.

"मम्मी, तू मला आधी का नाही सांगितलंस, पुडी टाकतेय ते?"

"तू म्हणाली असतीस, तुला काहीतरी दिसतंच."

"दिसलंच की," जोॲना म्हणाली. तिने पेला आईच्या हातातून घेतला आणि स्वतः उजेडात धरला. "अजून आहे गं. कडेला बघ."

"आहे."

"नाही गेला तर?"

ओल्गाला 'जाईल' म्हणायचं होतं. आईने तसं म्हणायचं असतं. "माहीत नाही," ती म्हणाली. लेक बिलगली तेव्हा कळलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घरात काळजी करायला दोघी होत्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी खळ्यावर गवत नव्हतं. सडा घातलेली तांबूस-काळी जमीन, पताका, आणि फाटकाशी घुमट वाजवणारे. लाल लुगडी नेसलेल्या बायका रांगेने बावडीवर आल्या. तळणीत फुगणाऱ्या मैद्याच्या फुग्यांचा वास सगळीकडे भरला होता. क्रुसाजवळच्या भोकात अंकलनी स्वतःच्या हाताने वाळू परत भरली होती आणि वर झेंडू ठेवले होते.

पहिली कळशी काढायचा मान अंकलचा. दोर सुटला, खाली बुडबुड आवाज झाला, दोर वर येऊ लागला. ओल्गा मुद्दाम गाणाऱ्या बायकांकडे बघत होती. पाणी पितळी हंड्यात ओतलं गेलं.

"मम्मी, आता बघ ना," जोॲना म्हणाली.

पितळेत रंगाचा काय पत्ता लागणार! ओल्गाने लुगड्याच्या ओच्यात खोचलेला काचेचा पेला काढला. बायकांचं गाणं अडखळलं, कुणीतरी हसलं. तिने पेला बुडवला आणि सूर्याकडे धरला. पाणी स्वच्छ होतं. त्यातून क्रूस दिसत होता, स्टीव्हची टोपी दिसत होती, जोॲनाचं वाकडं झालेलं तोंड दिसत होतं.

"काय म्हणते डॉक्टरीण?" अंकलनी दोर हातात धरूनच विचारलं.

ओल्गाने पेला आणखी थोडा उंच धरला.

"आणखी एक काढा, अंकल," ती म्हणाली. "खालचं."